अमेरिकेत पीए व्हायचं असेल तर: पेशंटच्या पहिल्या तासापासून पहिल्या नोकरीपर्यंत

अमेरिकेत अर्जंट केअरला, म्हणजे अपॉइंटमेंटशिवाय छोट्या तातडीच्या दुखण्यांसाठी जायच्या दवाखान्यात गेलात, तर तुम्हाला तपासणारी व्यक्ती पुष्कळदा डॉक्टर नसते. दुखणं कधीपासून आहे हे ती विचारते, पोट दाबून बघते, एक्स-रे काढायला सांगते, हाताला टाके घालते, अँटिबायोटिक लिहून देते आणि तुम्हाला घरी पाठवते. कोटावरच्या बिल्ल्यावर नावापुढे ‘पीए-सी’ असतं. पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट, आणि ‘सी’ म्हणजे राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण. २०२१ मध्ये त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने ‘फिजिशियन असोसिएट’ हे नाव स्वीकारलं, पण बहुतेक राज्यांच्या कायद्यांत आणि नोकरीच्या जाहिरातींत अजून जुनंच नाव आहे. दोन्ही एकच.

मीही हेच काम करते. त्यामुळे मंडळाच्या गणपतीत आरती आटोपली की प्रसादाच्या रांगेत हमखास कोणीतरी गाठतं. एच-४ वर, म्हणजे नोकरदार जोडीदाराच्या व्हिसावर अवलंबून आलेली बीडीएस किंवा बीपीटीएच झालेली मुलगी असते, यूएसएमएलईला, म्हणजे अमेरिकेत डॉक्टर होण्याच्या परीक्षांना कंटाळलेला एमबीबीएस असतो, नाहीतर हायस्कूलमधल्या लेकीचे आई-बाबा. सगळ्यांचा प्रश्न एकच: ‘माझ्या डिग्रीवर होईल ना?’ हा प्रश्नच मुळात उलटा आहे. पीएच्या प्रवेशात भारतातल्या पदवीला मान मिळतो, पण गुण मिळतातच असं नाही. तिथे दोन गोष्टी मोजतात: अमेरिकेत अलीकडे घेतलेले विज्ञानाचे विषय आणि पेशंटला प्रत्यक्ष हात लावून केलेल्या कामाचे तास. या दोन्हींना मिळून दीड-दोन वर्षं सहज जातात. अर्ज, मुलाखत, परीक्षा हे सगळं त्यानंतरचं. म्हणून या लेखात मी त्या दोन वर्षांवरच जास्त बोलणार आहे.

आधी काम समजून घ्या

हा पेशा १९६० च्या दशकातला. व्हिएतनामच्या काळात नौदलाचे कोअरमन, म्हणजे युद्धभूमीवर जखमींना सांभाळणारे वैद्यकीय सैनिक, घरी परतायचे तेव्हा त्यांच्या अनुभवाला बाहेर काही किंमत नसायची. दुसरीकडे गावोगावी डॉक्टर कमी होते. ड्यूक विद्यापीठाचे डॉ. युजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये अशा चार कोअरमनना घेऊन पहिला वर्ग सुरू केला. त्यातले तिघे ६ ऑक्टोबर १९६७ रोजी उत्तीर्ण झाले. प्रवेशाच्या वेळी पेशंटच्या कामाचे तास इतके का विचारतात, याचं उत्तर या इतिहासात आहे. आधी काम केलेल्या माणसाला शिकवायचं, याच कल्पनेवर हे शिक्षण उभं राहिलं.

पीए रोगनिदान करतो, औषधं लिहितो, छोट्या प्रक्रिया करतो, ऑपरेशनमध्ये सर्जनसमोर उभा राहून मदत करतो. स्वतः मुख्य सर्जन म्हणून मोठं ऑपरेशन करत नाही. बहुतेक राज्यांत त्याचं काम एखाद्या डॉक्टरशी कराराने किंवा सहकार्याच्या व्यवस्थेने जोडलेलं असतं. शेवटचा शब्द नेहमी आपलाच हवा, असा तुमचा स्वभाव असेल तर हा मार्ग तुम्हाला त्रास देईल. आत्ताच विचार करा.

फायदेही सांगते. रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टरांना पदवीनंतर हॉस्पिटलमध्ये काही वर्षं घ्यावं लागणारं प्रशिक्षण, इथे सक्तीची नाही. आज ऑर्थोपेडिक्समध्ये असलेला पीए उद्या त्वचारोगात जाऊ शकतो, त्यासाठी नवी पदवी लागत नाही. पगार चांगला आहे: अमेरिकी कामगार सांख्यिकी विभागाच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये मध्यक वार्षिक वेतन (निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी) १,३०,०२० डॉलर होतं.

तुम्ही कुठे उभे आहात?

एमबीबीएस झालेल्यांनी हे नीट वाचावं. पीएची राष्ट्रीय परीक्षा फक्त आर्क-पीए या संस्थेने मान्यता दिलेल्या कार्यक्रमाच्या पदवीधरांनाच देता येते. परदेशी डॉक्टरला थेट परीक्षेला बसता येत नाही, मधल्या वर्गात प्रवेशही सहसा मिळत नाही. पहिल्या दिवसापासून सगळं करावं लागतं, अगदी स्टेथोस्कोप कुठे ठेवायचा इथपासून. ‘रेसिडेन्सी मिळेना म्हणून पीए’ हे वाक्य मुलाखतीत तोंडून निघालं तर तिथेच विषय संपतो. तुम्हाला हे काम का हवंय, याचं वेगळं, खरं उत्तर हाताशी हवं.

भारतात बी.एससी. फिजिशियन असिस्टंट केलेल्यांचंही तसंच. आपल्याकडे हा अभ्यासक्रम १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने हृदयशस्त्रक्रिया विभागासाठी सुरू झाला, आणि २०२१ च्या राष्ट्रीय सहवैद्यकीय कायद्यात ‘फिजिशियन असोसिएट’ला जागा मिळाली. पण त्या पदवीवर अमेरिकेत परवाना मिळत नाही. तिथल्या आयसीयूतला अनुभव मात्र अर्जात जरूर लिहा.

व्हिसाचा मुद्दा लोक शेवटी काढतात, तो आधी काढायला हवा. एच-४ वर शिकता येतं, पण वर्क परमिट नसेल तर पगारी काम करता येत नाही, आणि पेशंटचे तास बहुतेक पगारी कामातूनच मिळतात. मग उरतं ते स्वयंसेवी काम: हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा), मोफत दवाखाने, न्यू जर्सीत गावोगावी असलेली स्वयंसेवी रुग्णवाहिका पथकं. कुठलं काम व्हिसाच्या नियमात बसतं, हे इमिग्रेशन वकिलाला विचारून घ्या, शेजारणीला नाही. काही पीए कार्यक्रम फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांनाच घेतात, तेही यादी करतानाच तपासा. सरकारी शैक्षणिक कर्जसुद्धा मुख्यतः त्यांनाच मिळतं. शिवाय शिक्षणानंतर परदेशी नागरिक म्हणून नोकरीच्या व्हिसावर काम करायचं असेल, तर आरोग्यक्षेत्रातल्या ठरावीक पेशांना लागणारं व्हिसास्क्रीन प्रमाणपत्र पीएलाही लागतं, शिक्षण अमेरिकेत झालं असलं तरी.

हायस्कूलमधल्या मुलांसाठी काही विद्यापीठांत पाच-सहा वर्षांचे सलग कार्यक्रम असतात. त्यात पदवी आणि पीएची मास्टर्स एकत्र होते. आई-बाबांसाठी एक विनंती: ‘मग डॉक्टरच का नाही?’ हे लेकराला एकदा विचारा, दर रविवारी नको.

पायरी पहिली: विषय पूर्ण करणं

प्रत्येक कॉलेजची यादी वेगळी, पण गाभा सारखा: अॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजीचे दोन भाग प्रयोगशाळेसह, मायक्रोबायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, त्यापुढे ऑरगॅनिक किंवा बायोकेमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी. काही ठिकाणी जेनेटिक्स आणि मेडिकल टर्मिनॉलॉजी. बहुतेक कॉलेजं हे विषय अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त कॉलेजमधूनच मागतात, आणि कित्येकांची अट असते की ते गेल्या पाच, सात किंवा दहा वर्षांतले असावेत. म्हणजे नाशिकला बीडीएसच्या पहिल्या वर्षी अॅनाटॉमीत डिस्टिंक्शन होतं, हे इथे फारसं कामाला येत नाही.

घराजवळचं कम्युनिटी कॉलेज बरं पडतं. फी परवडते, संध्याकाळचे वर्ग असतात. ऑनलाइन प्रयोगशाळा चालते का, हे मात्र तुमच्या यादीतल्या कॉलेजांना आधी ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. घाईत एका सत्रात अॅनाटॉमी, केमिस्ट्री आणि मायक्रो एकदम घेऊ नका. सगळ्या कॉलेजांसाठी मिळून एक सामाईक अर्ज असतो (त्याबद्दल पुढे), त्यात विषय पुन्हा घेतला तरी जुना गुणांकही सरासरीत धरतात. एक ‘सी’ ग्रेड पुढची कित्येक वर्षं पाठ सोडत नाही.

भारतातल्या गुणपत्रिकांचं मूल्यांकन वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या संस्थेकडून विषयवार करून घ्यावं लागतं. नुसतं ‘पदवी समकक्ष आहे’ एवढं सांगणारं प्रमाणपत्र पुरत नाही. महाराष्ट्रात वैद्यकीय, दंत, आयुर्वेद किंवा फिजिओथेरपी केलेल्यांना ट्रान्सक्रिप्टसाठी बहुधा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी पत्रव्यवहार करावा लागेल. भारतवारीत लग्नांच्या गडबडीतून दोन दिवस काढून हे काम उरका, फोनवरून ते रेंगाळतं. तीन वर्षांच्या बी.एससी.वाल्यांनी विशेष लक्ष द्या: काही कॉलेजं ती अमेरिकेतल्या चार वर्षांच्या पदवीइतकी धरत नाहीत.

पायरी दुसरी: पेशंटचे तास

इथे सगळ्यांचं घोडं अडतं.

कॉलेजांच्या अटी वेगवेगळ्या असतात: कुठे ५००, पुष्कळ ठिकाणी १,०००, काही ठिकाणी २,०००. काही किमान अट ठेवतच नाहीत, पण निवडलेल्या मुलांचे सरासरी तास बघितले की खरी अपेक्षा कळते. पूर्ण वेळ काम केलं तर वर्षाला साधारण दोन हजार तास होतात, आठवड्याला दोन शिफ्ट केल्या तर आठशेच्या आसपास. आपलं वेळापत्रक यावरून मांडा.

सामाईक अर्जात अनुभवाचे दोन कप्पे असतात. पहिला पेशंट केअरचा: तुम्ही पेशंटच्या उपचारात थेट हात घालता तो. दुसरा हेल्थ केअरचा: दवाखान्यातच, पण पेशंटला थेट हात न लावता, म्हणजे रिसेप्शन, बिलिंग, सामान पोचवणं. वजन पहिल्याला. डॉक्टर बोलतात ते टाइप करणाऱ्या स्क्राइबचं काम काही कॉलेजं पहिल्यात धरतात, काही दुसऱ्यात. डॉक्टरच्या मागे नुसतं उभं राहून बघणं, ज्याला शॅडोइंग म्हणतात, ते या दोन्हींत नाही. त्याचा कप्पा तिसरा. एखाद्या पीएबरोबर काही दिवस तरी शॅडोइंग कराच. या पेशाची माहिती कशी झाली, असं विचारल्यावर ‘यूट्यूबवर’ असं सांगायची वेळ येऊ नये.

सर्वात लवकर सुरू होणारं काम म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, सीएनए. केंद्राच्या नियमानुसार किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं, न्यू जर्सीसारख्या राज्यात ९०. त्यानंतर राज्याची परीक्षा. दुसरा पर्याय ईएमटी, म्हणजे रुग्णवाहिकेवर प्राथमिक उपचार करणारा. रक्त काढणारे फ्लेबोटोमिस्ट आणि क्लिनिकमधले मेडिकल असिस्टंट यांचेही तास चालतात.

सीएनएची शिफ्ट कशी असते ते सांगते, कारण पदवीधर माणसाला पहिल्या आठवड्यात धक्का बसतो. सकाळी सातला हजेरी. आठ-दहा रहिवासी तुमच्या वाट्याला. एकेकाला उठवून, कमरेला रुंद पट्टा बांधून, तो पट्टा धरून खुर्चीत बसवायचं. जे उठूच शकत नाहीत त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला बेडसोअर होतात. डायपर बदलायचा. तो बदलताना माकडहाडापाशी लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून बघायचं, रंग पांढरा होऊन परत येतो का, आणि नर्सला लगेच सांगायचं. नाश्ता भरवताना हनुवटी खाली हवी, घास गिळल्याची खात्री व्हायला हवी. रक्तदाब, ताप, नाडी, ऑक्सिजन, सगळं नोंदवायचं. घरी ‘डॉक्टरीण’ म्हणून वाढलेल्या कित्येकींना हे काम कमीपणाचं वाटतं, सासरी काय सांगायचं असंही वाटतं. मला विचाराल तर पीएच्या दुसऱ्या वर्षी जे विद्यार्थी पेशंटच्या खोलीत न अवघडता शिरतात, ते बहुतेक असंच काम करून आलेले असतात.

नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवा: ठिकाण, तारखा, आठवड्याचे तास, वरिष्ठाचं नाव आणि ईमेल. वरिष्ठ नोकरी सोडून गेले की तास कोण खरे करणार? अर्जातलं वर्णनही नेमकं लिहा. ‘पेशंटची काळजी घेतली’ असं सगळेच लिहितात. त्याऐवजी: ‘४० खाटांच्या नर्सिंग होममध्ये दर शिफ्टला नऊ रहिवाशांची आंघोळ, भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, त्वचेतले बदल आणि बदललेली शुद्ध नर्सला कळवणं.’ वाचणाऱ्याला तुम्ही दिसलात पाहिजे.

पायरी तिसरी: कॉलेजची यादी

रँकिंगच्या मागे लागू नका. प्रत्येक कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर दोन तक्ते असतात, ते त्यांना जाहीर करावेच लागतात. एक, गेल्या पाच वर्षांत किती विद्यार्थी राष्ट्रीय परीक्षेत पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. दुसरा गळतीचा: किती आत आले, किती वेळेत बाहेर पडले, किती मागे राहिले किंवा काढून टाकले गेले. हे दोन्ही शेजारी ठेवून वाचा. उत्तीर्णांचं प्रमाण ९८ टक्के आणि वर्गातून दर वर्षी सहा-सात जण गायब असतील, तर कच्च्या मुलांना परीक्षेपर्यंत पोचूच दिलं जात नसेल, अशी शंका घ्यायला जागा आहे.

मग आर्क-पीएच्या यादीत मान्यतेची स्थिती बघा. नवीन कार्यक्रमाची मान्यता तात्पुरती असते, त्यात गैर काही नाही. ‘प्रोबेशन’, म्हणजे निकष न पाळल्याने मान्यता धोक्यात, असं दिसलं तर मात्र थांबा आणि कारण वाचा.

पैशाचा अंदाज: पूर्ण कार्यक्रमाची फीच अनेक खासगी विद्यापीठांत एक लाख डॉलरच्या आसपास किंवा वर जाते. घरभाडं वेगळं, आणि त्या काळात पगार शून्य. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे केंद्रीय कर्ज मिळणार नाही, तेव्हा मोठ्या भावंडांनी दिलेला जुना सल्ला इथे चालणार नाही.

पायरी चौथी: अर्ज आणि मुलाखत

अर्ज ‘कॅस्पा’ या सामाईक प्रणालीतून होतो. तो दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस उघडतो. बरीच कॉलेजं आलेले अर्ज जसजसे येतील तसतसे बघतात आणि जागा भरत जातात. त्यामुळे शेवटची तारीख ऑक्टोबर असली तरी तुमच्यासाठी ती जून समजा. ट्रान्सक्रिप्टची पडताळणी आणि शिफारसपत्रं यात आठवडे जातात.

शिफारसपत्रं प्रत्यक्ष काम पाहिलेल्यांची घ्या. भारतातल्या अधिष्ठात्यांच्या शिक्क्याच्या पत्रापेक्षा तुमच्याबरोबर नाइट शिफ्ट काढलेल्या पीएचं किंवा नर्सचं पत्र जड. वैयक्तिक निबंधाला ५,००० अक्षरांची मर्यादा असते, मोकळ्या जागा धरून. ‘लहानपणापासून सेवेची आवड’ इथून सुरुवात करणारे निबंध वाचून समितीचे डोळे थकलेले असतात. एक पेशंट, एक प्रसंग, आणि त्यातून पीएचंच काम का हवं हे कळू द्या. काही कॉलेजं जीआरई ही प्रवेश परीक्षा मागतात, परदेशी पदवीधरांना टोफेल ही इंग्रजीची परीक्षाही लागू शकते.

मुलाखतीत बहुधा छोट्या-छोट्या फेऱ्या असतात, प्रत्येकीत एक कसोटीचा प्रसंग. ‘तुमच्या डॉक्टरने चुकीचा डोस लिहिलाय, काय कराल?’ आपल्याकडची मुलं इथे अडखळतात, कारण वरिष्ठांपुढे बोलायची सवय नसते. उत्तर सरळ आहे: औषध थांबवायचं, त्यांना लगेच गाठायचं, स्पष्ट विचारायचं. मोठ्याने बोलून सराव करा, आरशासमोर नको, एखाद्या अनोळखी माणसासमोर करा.

पायरी पाचवी: सत्तावीस महिने

कार्यक्रम सरासरी २७ महिन्यांचा असतो. पहिलं वर्ष-सव्वा वर्ष वर्गात: अॅनाटॉमी, फार्माकॉलॉजी, निदानशास्त्र, शारीरिक तपासणी. आठवड्याला दोन-तीन परीक्षा ही नेहमीची गोष्ट. नोकरी करायला बहुतेक ठिकाणी मनाई असते किंवा ती करू नका असं बजावून सांगतात, आणि त्यांचं बरोबर आहे. लहान मुलं असतील तर आजी-आजोबांचा व्हिसा याच वर्षासाठी राखून ठेवा.

दुसरं वर्ष रोटेशनचं, म्हणजे एकेका विभागात काही आठवडे प्रत्यक्ष पेशंटबरोबर काम, सुमारे २,००० तास. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग-प्रसूती, इमर्जन्सी आणि मानसोपचार हे सगळीकडे असतात. दर रोटेशनच्या शेवटी परीक्षा. इथे पेशंट ‘सादर’ करायला शिकता: वय, तक्रार, कधीपासून, महत्त्वाचं काय सापडलं, तुमच्या मते काय आहे, काय करायचं. सगळं दोन मिनिटांत. भारतात शिकलेल्यांना निदान बरोबर येतं, पण ‘माझ्या मते’ म्हणायला जीभ रेटत नाही. ते म्हणायलाच शिकवतात.

पायरी सहावी: परीक्षा, परवाना, नोकरी

परीक्षेचं नाव ‘पॅन्स’. ती घेणारी संस्था एनसीसीपीए. ३०० प्रश्न, ६० प्रश्नांचे पाच भाग, प्रत्येकाला एक तास, फी ५५० डॉलर. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचा वाटा सर्वात मोठा. पदवी पूर्ण झाल्यावर सातव्या दिवसापासून बसता येतं, आणि सहा वर्षांत सहा प्रयत्न मिळतात. पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या पुढे असतं. इथे घाबरण्यासारखं फार नाही, इथपर्यंत पोचलेला माणूस सहसा निघून जातो. प्रमाणपत्र टिकवायला दर दोन वर्षांनी १०० क्रेडिटचं शिक्षण आणि दहा वर्षांच्या चक्रात पुनर्परीक्षा.

त्यानंतर राज्याचा परवाना. त्याला आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत वेळ लागतो, शिवाय हॉस्पिटल आपली वेगळी छाननी करतं. निकालानंतर तीन-चार महिने पगार येणार नाही असं धरूनच पैशाची सोय करा.

पहिली नोकरी पगारावरून निवडू नका. पहिल्या सहा महिन्यांत शेजारच्या खोलीत विचारायला अनुभवी माणूस असेल का, हे विचारा. एकट्याच्या भरवशावर चालणारं अर्जंट केअर नव्या पीएला पाच-दहा हजार जास्त देतं, ते उगाच नाही. सर्जरी किंवा इमर्जन्सीत मुरायचं असेल तर साधारण वर्षभराच्या ऐच्छिक फेलोशिप असतात, पगार कमी पण हात तयार होतो.

करारात तीन ओळी शोधा. नोकरी सोडल्यावर किती मैलांत, किती काळ काम करायचं नाही. व्यवसाय-दायित्वाचा विमा ‘क्लेम्स-मेड’ (विमा चालू असताना आलेलेच दावे भरणारा) असेल तर सोडून जाताना लागणारं टेल कव्हर, म्हणजे नंतर येणाऱ्या दाव्यांचा विमा, कोण भरणार, कारण ते हजारोंत जातं. आणि नियंत्रित औषधं लिहिण्यासाठी लागणारी डीईए नोंदणी: तीन वर्षांचे ८८८ डॉलर. ते मालकाने भरायचे हे लेखी घ्या, सही करायच्या आधी.